बाबांची वाकडी रेघ

आमच्या घरात सगळ्यात आधी वाकडं झालं ते आईचं घावन. पूर्वी तव्यावर पीठ ओतलं की ते चारी अंगांना सारखं पसरायचं, त्याला जाळी पडायची आणि कडा आपोआप सुटायच्या. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते त्या सुमाराला ते एका बाजूला धावायला लागलं. खाडीकडची कड जाड आणि ओलसर, दाराकडची पापडासारखी कडक. आईने आधी तव्याला नावं ठेवली, मग गॅसच्या शेगडीला, मग रेशनच्या तांदळाला. शेवटी ती पीठ ओतल्या ओतल्या सांडशीने तवा फिरवायला लागली आणि घावन पुन्हा बऱ्यापैकी गोल झालं. याबद्दल ती कुणाशी काही बोललेली मला आठवत नाही. आम्ही आपले ते नारळाच्या चटणीबरोबर खात होतो आणि आमच्या आमच्या कामाला जात होतो. आज मागे वळून बघताना वाटतं, की आमच्या घरात पहिलं मोजमाप झालं ते त्या तव्यावर.

कोपरीत आमची इमारत ज्या जमिनीवर उभी होती, तिथे नानाशेठच्या वडिलांचं मिठागर होतं. नानाशेठ म्हणजे आमचे बिल्डर, तिथलेच मूळचे. भराव टाकून त्यांनी तळमजल्यावर तीन माळे चढवले आणि कोकणातून आलेल्या आमच्यासारख्यांना खोल्या विकल्या. दुसऱ्या माळ्यावर आमचं एक खोली नि स्वयंपाकघर. स्टेशन इतकं जवळ, की गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर येणार ते आईला भांडी घासता घासता कळायचं. भरतीच्या वेळी खाडीचा वास यायचा. पाहुणे नाक दाबायचे, आम्हाला काही वाटायचं नाही. बाबा एका कारखान्यात टर्नर होते. लेथवर त्यांनी आयुष्य घालवलेलं, त्यामुळे सूतभर फरक त्यांना डोळ्यांनी दिसायचा आणि त्याहून कमी असला तर नखाला कळायचा. कुणाच्या घरी गेले की आधी चौकटीकडे बघायचे आणि मग माणसांकडे. "भिंत ओळंब्यात नाही यांची," असं परतताना जिन्यातच सांगायचे, आणि आई त्यांना "हळू बोला, ऐकतील" म्हणून दटावायची.

खोल्या ताब्यात आल्या तेव्हा रंग बाबांनी स्वतःच्या हातांनी दिला. वर पांढरा चुना, खाली कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट, आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर रुंदीची चॉकलेटी रेघ, खोलीला पूर्ण वेढा घालून पुन्हा दाराशी येऊन मिळणारी. ही रेघ त्यांनी पाण्याच्या नळीवर ओढली होती. प्लास्टिकची लांब पारदर्शक नळी, तिच्यात पाणी. एक टोक आईने धरायचं, एक बाबांनी. दोन्ही टोकांना पाणी जिथे थांबेल तिथे खूण, कारण पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर थांबतं. मी तेव्हा लहान होते, पण "हलू नकोस गं, हलू नकोस" हा बाबांचा आवाज आणि हात भरून आल्यामुळे रडकुंडीला आलेली आई मला स्पष्ट आठवते. पुढे घरात येईल त्याला बाबा ती रेघ दाखवायचे. "पाणी कुणाच्या बापाला खोटं बोलत नाही," हे वाक्य आम्हाला इतकं पाठ होतं, की त्यांनी सुरुवात केली की आई आणि मी ओठांतल्या ओठांत ते पूर्ण करायचो. माझ्या बापाच्या सगळ्या मिजाशीचं भांडवल म्हणजे ती एक रेघ.

डिप्लोमा झाल्यावर मला खोपटला एस. टी. डेपोसमोरच्या एका छोट्या सर्व्हे ऑफिसात नोकरी लागली. मालक देसाई साहेब, सरळ आणि थोडे घाबरट गृहस्थ. त्यांच्या मेव्हण्याने आखातातून एक फिरतं लेझर आणून दिलं होतं आणि साहेब त्याला पोटच्या पोरासारखं जपत. हल्लीची यंत्रं ठेवली की स्वतःच स्वतःला सरळ करून घेतात. माझ्या मावसबहिणीच्या मुलाकडे आहे तसलं एक, हिरवी रेघ मारतं, टाइल्सवाले खिशात घेऊन फिरतात. तेव्हाचं तसं नव्हतं. तिपाईचे पाय जमिनीत दाबून बसवायचे, वर यंत्र घट्ट करायचं आणि मग खालच्या तीन स्क्रूंशी झटायचं. दोन स्क्रू एकदम आत किंवा एकदम बाहेर फिरवायचे, तिसरा एकटा, आणि काचेच्या नळकांड्यातला बुडबुडा मधोमध आणायचा. तो आला असं वाटलं की हमखास सटकायचा. साहेबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "नंदा, बुडबुडा मधे आला म्हणून हुरळायचं नाही. यंत्राला अर्धं फिरवून पाठमोरं करायचं. पाठ फिरवल्यावरही बुडबुडा जागेवर राहिला, तरच ते खरं." मग बटण दाबायचं. यंत्राचं डोकं भुंग्यासारखं घुमत फिरायला लागायचं आणि चारी भिंतींवर एकाच उंचीची लाल रेघ उमटायची. मला ते इतकं आवडायचं, की लग्नाची स्थळं आली तरी मी आधी विचारायचे, लग्नानंतर नोकरी करू देणार का?

त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला विठ्ठलवाडीच्या साइटवर सकाळी सकाळी काम सुरू करायचं होतं. ऑफिस उघडून यंत्र काढत बसण्यापेक्षा तू घरी घेऊन जा, असं साहेब म्हणाले. देताना त्यांनी दहा वेळा बजावलं. मी ती पेटी मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आले. घरात चक्का टांगलेला, त्याचं पाणी पातेल्यात टिपटिप गळत होतं आणि आई झेंडूचे हार ओवत बसली होती. बाबांना पेटीत काय आहे ते कळलं मात्र, त्यांनी हात धुऊन, पुसून मगच झाकण उघडलं.

दसऱ्याच्या सकाळी मी अंघोळीला गेले तेवढ्यात आईने पाटावर शस्त्रांची पूजा मांडली. बाबांची मापं आणि हत्यारं, विळी, शिलाई मशीन ओढून जवळ घेतलेलं, माझी पुस्तकं, आणि मधोमध देसाई साहेबांचं लेझर. मी येऊन बघते तो त्याच्या डोक्यावर झेंडू, पायाशी अक्षता, आणि समोरच्या काचेवर हळद-कुंकवाची ओली बोटं. मी किंचाळलेच. आई म्हणाली, "अगं, तुझ्या पोटापाण्याचं आहे ते. त्याला तसंच ठेवू?" मी फूल काढलं, वरवर पुसलं आणि गप्प बसले. सणाच्या दिवशी आईशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं नाही.

श्रीखंड-पुरीनंतर दुपारी बाबांच्या अंगात आलं. तळमजल्यावरच्या परब काकू पुरणपोळ्या घेऊन आल्या होत्या. त्यांच्या मुलीचं मार्गशीर्षात लग्न ठरलेलं, मांडव आमच्याच गच्चीवर घालायचा होता. नानाशेठ दसऱ्याची फेरी मारत प्रत्येक घरी टेकत टेकत आमच्याकडे पोचले होते. जिन्यातली आणखी चार माणसं दारात. बाबांनी सगळ्यांना खोलीत घेतलं, खिडक्या लावल्या, वर चादरी टाकायला लावल्या आणि म्हणाले, "बघा हां. आता आमची नंदा लाल रेघ काढेल. दाराशी ती माझ्या चॉकलेटी रेघेवर ठेवायची, आणि मग बघायचं, घरभर फिरून ती माझ्या रेघेवरच बसते की नाही. सूतभर इकडची तिकडे झाली तर नाव बदलीन."

"आता कदमभाऊ मशीनशी शर्यत लावनार," नानाशेठ खुर्चीत पसरत म्हणाले.

फरशीवर तिपाईचे पाय घसरू नयेत म्हणून मी खाली गोणपाट घातलं. स्क्रू फिरवले, बुडबुडा मधे आणला, दाराशी उंची जुळवून घेतली आणि बटण दाबलं. डोकं घुमायला लागलं. अंधारात भिंतीवर लाल रेघ उमटली तशी सगळ्यांच्या तोंडून "अगं बाई" निघालं. दाराशी ती बाबांच्या रेघेवर अगदी चपखल बसली होती. बाबांनी बोट ठेवून ती दाखवली आणि भिंतीच्या कडेकडेने चालायला लागले. कपाटापर्यंत गेले तेव्हा बोट किंचित वर सरकलं होतं. देव्हाऱ्यापाशी दोन्ही रेघा सुट्ट्या दिसायला लागल्या. आणि खाडीकडच्या कोपऱ्यात पोचले तेव्हा लाल रेघ चॉकलेटी रेघेच्या वर चांगली दोन बोटं उभी होती.

"वर का चढली गं ती?" परब काकूंनी विचारलं.

"मशीन नीट लावली नाय पोरीनं," नानाशेठ म्हणाले.

"नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!" दारातून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले. तेवढ्यात माझं लक्ष काचेच्या कडेला राहिलेल्या कुंकवाकडे गेलं आणि मी ओरडले, "आई, हे तुझं कुंकू बघ!"

मग काय, ते कुंकू सगळ्यांनी उचलून धरलं. कुंकवानेच रेघ वर गेली. देवाचं करायला जावं तर असं होतं. नानाशेठनी तर मांडीवर थाप मारली. आई बिचारी कावरीबावरी होऊन पदराने काच पुसायला धावली, तिला थांबवून मी मऊ फडक्याने ती नीट पुसली. इथे एक गोष्ट सांगायला हवी. काचेवर कुंकू असलं तर रेघ पुसट होते, फुटते, फार तर रुंद दिसते. ती एका कोपऱ्यात वर चढत नाही. हे मला माहीत होतं, मी त्याच कामाचा पगार घेत होते. तरीसुद्धा काच पुसताना मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, कुंकूच असू दे रे, कुंकूच असू दे.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिपाई उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला लावली. स्क्रू फिरवताना बोटं घामाने घसरत होती. बुडबुडा मधे आला. यंत्र अर्धं फिरवून पाठमोरं केलं. बुडबुडा जागचा हलला नाही. दाराशी जुळवलं, बटण दाबलं. तीच दोन बोटं. मग मी लाल रेघेपासून खिडकीच्या पट्टीपर्यंत टेप लावून बघितला, वर तुळईपर्यंत बघितला, खाली फरशीपर्यंत बघितला. खिडकी, तुळई, फरशी, सगळं खाडीकडे तेवढंच उतरलेलं होतं. सगळं घर एकाच बाजूला कललेलं. बाबांनी रेघ ओढली त्या दिवशी नळीतलं पाणी खरं होतं. आज समोर फिरत असलेलं लेझर खरं होतं. दोन्ही खरी असतील, तर मधल्या वर्षांत हललं होतं ते आमचं घर.

मी बाबांकडे बघितलं. त्यांना माझ्या आधीच कळलं होतं. ते कोपऱ्यात भिंतीला तळवा टेकून उभे होते.

आता कुणी हसत नव्हतं. परब काकूंनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "म्हणजे काय गं, नंदा?"

त्यांची पोरगी दारात मेंदीचा नमुना हातात घेऊन उभी होती. तेवढ्यात बाबा वळले आणि म्हणाले, "म्हणजे काय म्हणजे? माझी रेघ वाकडी!"

"तुमची?"

"मग कुणाची! नळीत हवेचा बुडबुडा राहिला असणार. हवा राहिली की पाणी फसवतं. मी तेव्हा बघितलंच नाही. एवढी वर्षं लोकांना दाखवत फिरलो, वाकडी ती वाकडीच." असं म्हणून ते हसले. सगळ्यात मोठ्याने हसले ते नानाशेठ. "अरे कदमभाऊ, आता नाव बदला!" परब काकूंनी छातीवर हात ठेवला, "बाई गं, जीवच घाबरा झालेला माझा," म्हणाल्या, आणि आईने सगळ्यांना पुन्हा श्रीखंड वाढलं.

ते नाव पुढे बाबांना चिकटलंच. जिन्यात कुणीही भेटलं की, "काय वाकडी रेघ, बाजारात का?" दुसऱ्यांच्या भिंतींना नावं ठेवणारा माणूस तावडीत सापडल्यावर लोक कशाला सोडतील? बाबा हसून पुढे जायचे. इमारत पडली नाही, हे इथेच सांगून टाकते, उगाच वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. मी देसाई साहेबांना आणून दाखवलं. ते भिंतीकडे बघून म्हणाले, "भाड्याचं असतं तर सोडा म्हटलं असतं. आता काय सांगू?" मी नानाशेठकडे गेले. ते म्हणाले, "माजे बापानं हितं मीठ पिकवला. खारी जमीन हाय, जरा बसते, मंग धरते. तू घाबरू नको." सरकारी खिडकीवर अर्ज दिला, तो घेतला गेला, आणि तिथेच राहिला. परब काकूंच्या मुलीच्या लग्नात बाबांनी मोठं भांडण काढून मांडव गच्चीवरून खालच्या मैदानात आणायला लावला. "बँडच्या आवाजाने माझं डोकं उठतं," असं कारण दिलं. लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणाले. पुष्कळ वर्षांनी इमारत रिकामी करायची नोटीस आली तेव्हा आम्ही डोंबिवलीला आलो. बाबा पुढे इथेच गेले, पण "माझी रेघ सरळ होती," असं शेवटपर्यंत त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

पण मला सांगायची आहे ती त्या दसऱ्याची संध्याकाळ. सोनं वाटून झालं, माणसं पांगली. बाबा बाहेर गॅलरीत आपट्याची पानं हातात घेऊन उभे होते. मी जाऊन म्हणाले, "बाबा, नळीत हवा नव्हती."

"तुला काय माहीत? तू एवढीशी होतीस."

"तुम्ही कधी नळीत हवा राहू दिली असती का?"

त्यांनी हातातली पानं उलटीपालटी केली. मी म्हणाले, "सगळ्यांना खरं सांगायला हवं."

"सांगू ना. आत्ता खाली जाऊन ओरडून सांगतो, घर खचतंय म्हणून. मग पुढे? परबीण पोरीला घेऊन कुठे जाईल, सांग. वरचे सावंत कुठे जातील? आपण कुठे जायचं? तू शिकलेली आहेस, मला एक जागा सांग, मी उद्या सगळ्यांचं सामान स्वतः उचलतो."

मला एकही जागा सांगता आली नाही. यंत्र लावता येत होतं, बुडबुडा मधे आणता येत होता, कुठला कोपरा किती खाली गेलाय ते बोटांवर दाखवता येत होतं. त्यापुढे मला काहीच येत नव्हतं. आजवर मी पुष्कळ ठिकाणी यंत्र लावलं, पण त्या संध्याकाळी वाटलं तितकं लाचार मला कधी वाटलं नाही. मला रडू आलं. बाबांनी हातातली पानं माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "सोनं घे. चल, आई वाट बघतेय."

आमच्या झोपायच्या जागा ठरलेल्या होत्या. खाडीकडच्या कोपऱ्यात तांदळाच्या डब्यांशेजारी आई, तिच्या बाजूला मी, आणि घोरण्याचा त्रास नको म्हणून बाबा पार दाराशी. जेवणं उरकल्यावर आई ओटा पुसत होती तेवढ्यात बाबांनी तिची गादी उचलून दाराशी नेली आणि स्वतःची कोपऱ्यात अंथरली. आई पदराला हात पुसत आली, तशी ते म्हणाले, "तू तिकडे झोप आजपासून. तिकडे वारा लागतो."

आईने एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग ती दाराशी गेली, आपली गादी उचलली आणि कोपऱ्यात त्यांच्या शेजारी आणून टाकली. "मला जिन्यातल्या उजेडात झोप नाही येत," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"नाही येत म्हटलं ना."

तेव्हा मला कळलं, की तवा फिरवणाऱ्या बाईला लेझरची गरजच नव्हती. मी नेहमीसारखी तिच्या बाजूला गादी पसरायला लागले. तशी दोघंही उठली. बाबांनी माझ्या गादीचं एक टोक धरलं, आईने दुसरं, पूर्वी पाण्याची नळी धरायची तसं, आणि दोघांनी मिळून ती उचलून दाराशी नेऊन ठेवली. मी तिथे जाऊन बसले. दाराची कडी लावायला उठले, तर कोपऱ्यातून आई म्हणाली, "राहू दे गं. उघडंच असू दे."